धुळीचे उगमस्थान



14 ऑगस्ट 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या खटल्यात एक आदेश दिला. श्वासाबरोबर आत जाणाऱ्या धूलिकणांचे प्रमाण ज्या शहरांत चिंताजनक झाले आहे, अशी नऊ शहरे त्या आदेशात नावानिशी आली. अहमदाबाद, कानपूर, सोलापूर, लखनौ, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, मुंबई आणि कलकत्ता. या यादीतले तिसरे नाव आपले. 2001 च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या शहराची वस्ती 8,72,478 होती. एवढे गाव मुंबई-कलकत्त्याच्या पंक्तीला जाऊन बसले, आणि तेही अशा गोष्टीसाठी की जिचा कोणालाच अभिमान वाटू नये!

हे कसे घडले? 1877 साली स्थापन झालेल्या जुन्या गिरणीपासून या गावाने धुराडी पाहिली. परंतु 2003 पर्यंत त्यांतली बहुतेक थंड पडली होती. गिरण्यांचा धूर गेला आणि तरीही हवा बिघडलेलीच राहिली, तर बिघाड येतो कोठून, हा प्रश्न त्या आदेशाने आपल्यापुढे टाकला. धूळ दिसणे, धूळ मोजणे आणि धुळीचा आगाऊ अंदाज करणे, या तीन पायऱ्या माणूस कसा चढला, याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. हा विषय मी कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. पण ज्याला वेतनाचा आणि उत्पादनाचा हिशेब समजतो, त्याला हा हिशेबही समजतो, असे माझे मत आहे.

पहिली पायरी डोळ्यांची. 1888 च्या सुमारास पॅरिसमधील प्राध्यापक रिंगेलमान यांनी पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या आखल्या आणि धुराड्यातून निघणारा धूर त्यांपैकी कोणत्या जाळीइतका काळा दिसतो, हे पाहून त्याची प्रत ठरवण्याची रीत घालून दिली. मुंबई इलाख्यात 1912 साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. या साऱ्या काळात दोष असे तो काळ्या धुराचा. जे दिसत नाही त्याची फिर्याद होत नसे. 1952 च्या डिसेंबरात लंडन शहरावर 5 ते 9 तारखांच्या दरम्यान दाट धुरके बसले. त्या आपत्तीत सुमारे चार हजार माणसे अधिक दगावली असे तेव्हाचा हिशेब सांगत होता. पुढील अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांच्या घरात नेला. 1956 साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. दिसणाऱ्या धुराविरुद्धचा लढा तेथपर्यंत पोचला.

दुसरी पायरी मोजमापाची, आणि ती कारखान्याच्या आत चढली गेली. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी 1700 सालीच ताग-अंबाडी पिंजणाऱ्या माणसांच्या खोकल्याविषयी लिहून ठेवले होते. पुढे 1950 नंतरच्या काळात लँकेशायरच्या कापूस गिरण्यांत डॉक्टर शिलिंग यांनी कामगारांना एक साधा प्रश्न विचारावयास सुरुवात केली: सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते काय? ब्लो रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात काम करणाऱ्यांना या प्रश्नाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. कापसाची तूस छातीत बसते, सुट्टीत थोडी उसंत मिळते आणि पहिल्याच पाळीला पुन्हा दम लागतो. या रोगाला बिसिनोसिस असे नाव आहे. शिलिंग यांनी त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. हवेतील तूस तोलता येते आणि कामगाराची तक्रारही मोजता येते, हे एकदा सिद्ध झाल्यावर मग “तुला विडीमुळे खोकला येतो” असे म्हणून त्याला परत पाठवणे अवघड झाले.

अमेरिकेत कापड कामगारांच्या संघटनेने हाच धागा पकडला. 1978 साली तेथे सूत काढणाऱ्या खात्यांसाठी घनमीटर हवेत 200 मायक्रोग्रॅम तूस एवढी कमाल मर्यादा ठरली. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मालकांनी ती मर्यादा न्यायालयात नेली. खर्च किती आणि फायदा किती याचा ताळा आधी घालून दाखवा, असे त्यांचे म्हणणे. 1981 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. जेवढे करणे शक्य आहे तेवढे कामगाराच्या आरोग्यासाठी केलेच पाहिजे, असा कायद्याचा अर्थ त्याने लावला. एक आकडा ठरला आणि त्या आकड्याचा हक्क झाला.

आपल्याकडेही 1948 साली कारखाना कायदा झाला. त्याच्या चौदाव्या कलमात धुळीविषयी एक फार शहाणपणाचे तत्त्व आले होते. धूळ ओढून घेण्याची योजना उगमस्थानाच्या शक्य तितक्या जवळ असावी, असे ते कलम सांगत होते. धूळ सगळ्या खात्यात पसरू द्यायची आणि मग कामगाराला तोंडावर फडके बांधायला सांगायचे, हे त्या कायद्याला मान्य नव्हते. जेथे ती उठते तेथेच ती धरा. श्रोत्यांनी हे तत्त्व ध्यानात ठेवावे, कारण माझे पुढचे सारे विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

कारखान्यात उगमस्थान हाताने दाखवता येते. हे यंत्र, हा पट्टा, हे दार. शिवाय कारखान्याला मालक असतो. रस्त्याचे तसे नाही. रस्त्यावर उगमस्थान चाकांवर चालत असते. एका मिनिटात शंभर वाहने येतात, शंभर जातात, वारा दिशा बदलतो, आणि पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईच्या छातीत गेलेला कण रिक्षाचा, मालमोटारीचा, रस्त्यावरच्या मातीचा की दूरच्या एखाद्या भट्टीचा, हे कोणी सांगावे? मालक नसलेल्या धुळीचा मालक शोधण्यासाठीच तिसरी पायरी, म्हणजे अंदाजाची पायरी, बांधावी लागली.

तिचा पाया दुर्दैवाने युद्धात घातला गेला. पहिल्या महायुद्धात विषारी वायू वापरले गेले आणि तो वायू वाऱ्यावर कसा पसरतो हे जाणण्याची गरज सैन्याला पडली. इंग्लंडमधील पोर्टन येथे त्यासाठी संशोधन केंद्र होते. तेथे काम करणारे सटन यांनी 1932 साली वाऱ्याबरोबर वायू कसा विरत जातो याचे गणित मांडले. पोर्टनमध्येच काम केलेले पास्क्विल यांनी 1961 साली ते व्यवहारात आणण्याची सोपी युक्ती दिली. वारा किती, ऊन किती, रात्री आकाश ढगाळ की निरभ्र, एवढ्या तीन गोष्टींवरून हवेची अस्वस्थता सहा वर्गांत बसवावयाची. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा घुसळून निघते आणि धूर लवकर विरतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि धूर तेथेच तरंगत राहतो. जानेवारीच्या पहाटे स्टेशनाकडे पायी जाणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराने हे पाहिले आहे. पास्क्विल यांनी त्याला कोष्टक दिले एवढेच.

हे गणित आधी धुराड्यांसाठी वापरले गेले, कारण धुराडे म्हणजे एक बिंदू. रस्ता म्हणजे बिंदूंची रेघ. 1 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेत असा कायदा झाला की, मध्यवर्ती सरकारच्या मोठ्या कामाचा परिसरावर काय परिणाम होईल हे काम हाती घेण्यापूर्वीच लिहून द्यावे लागेल. महामार्ग बांधणाऱ्यांना मोठीच पंचाईत पडली. जो रस्ता अजून झालाच नाही त्याच्या कडेची हवा मोजणार कशी? मोजता येत नाही म्हणून अंदाज करणे भाग आले. कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग खात्याने 1972 साली रेघेचे गणित तयार केले. 1979 आणि 1984 साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. कॅलाइन या नावाने ते प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडील महामार्गांच्या अहवालांतही ते वापरले गेले. भारतात मोठ्या प्रकल्पांचा परिसरावरील परिणाम आधी तपासण्याची अधिसूचना 1994 साली निघाली व 2006 साली तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली.

गणित बरोबर की चूक, हे कसे पडताळायचे? 1975 साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने मिशिगन राज्यातील आपल्या चाचणी मैदानावर 352 मोटारी रांगांनी पळवल्या, वाहनांतून एक ओळखीचा निरुपद्रवी वायू सोडला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो किती पोचतो हे मोजले. त्यातून एक नवी गोष्ट हाती आली. धावणारी वाहने स्वतःच हवा घुसळतात. वारा पडलेला असला तरी रस्त्यावरची हवा पूर्ण स्थिर नसते. जुन्या गणिताने अशा वेळी प्रदूषण वाजवीपेक्षा जास्त दाखवले होते. अंदाज आधी, मोजणी नंतर, आणि मग अंदाजाची दुरुस्ती, हा या विद्येचा क्रम आहे. ज्या अंदाजाची पडताळणी होत नाही त्याला माझ्या मते पंचांगापेक्षा अधिक किंमत देऊ नये.

दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्याची गोष्ट आणखी वेगळी. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात केलेल्या निरीक्षणांवरून 1973 साली असे दाखवण्यात आले की, वारा छपरांवरून येतो तेव्हा गल्लीत हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर उलट फिरून ज्या बाजूने वारा आला त्याच बाजूच्या पदपथावर साचतो. आपल्या नव्या पेठेत किंवा चाटी गल्लीत समोरासमोरच्या दोन दुकानदारांच्या वाट्याला येणारी हवा सारखी नसेल, हे यावरून कळते. गावात एक-दोन ठिकाणी यंत्र बसवून काढलेली सरासरी कोणाची हवा सांगते, हा प्रश्न येथे उभा राहतो. सरासरी श्वास कोणीच घेत नाही.

आता कणांच्या आकाराकडे वळू. 2003 च्या आदेशात 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा विचार होता. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. यांतले मोठे कण बहुधा नाकाघशात व श्वासनलिकांत अडकतात, 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या तळाशी जातात. 1993 साली अमेरिकेतील सहा शहरांत 8,111 प्रौढ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा ते सोळा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले होते. धूम्रपान, वय वगैरेंचा हिशेब वजा करूनही सर्वांत मलिन शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत 26 टक्क्यांनी अधिक भरले, आणि त्याचा जवळचा संबंध या सूक्ष्म कणांशी दिसला. भारतात सूक्ष्म कणांसाठी 2009 च्या नोव्हेंबरात मानक ठरले: वर्षाची सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, एका दिवसाची 60. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली वर्षासाठी 5 एवढाच आकडा सुचवला. दोहोंत आठपटीचे अंतर आहे!

एवढी सामग्री हाती आल्यावर आपण सर्वजण मिळून एक हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, रीत पाहावी. एका रस्त्यावरून तासाला 1,000 वाहने जातात आणि प्रत्येक वाहन किलोमीटरमागे नळीतून 0.05 ग्रॅम सूक्ष्म कण सोडते असे धरा. कोणते वाहन किती सोडते हे ठरवण्याचे काम आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रयोगशाळेत वाहने चालवून केले आहे. आपल्या उदाहरणात तासाला किलोमीटरमागे 50 ग्रॅम झाले. म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे सेकंदाला सुमारे 14 मायक्रोग्रॅम. वारा रस्त्याला आडवा, सेकंदाला 2 मीटर. आणि धूर जमिनीपासून 4 मीटर उंचीपर्यंत मिसळतो असे माना. 14 ला 2 ने व 4 ने भागा. रस्त्याच्या कडेला घनमीटरमागे पावणेदोन मायक्रोग्रॅमची भर पडली. वारा निम्मा झाला तर भर दुप्पट. प्रत्यक्षातील गणित याहून बारीक असते. पण गाभा हाच.

आता त्याच रस्त्यावर माती पडली आहे असे समजा. चाक फिरते, माती दळली जाते, उडते, पुन्हा बसते, पुन्हा उडते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पक्क्या रस्त्यांवर मोजणी करून यासाठी एक सूत्र काढले आहे. त्यात गोष्टी मुख्यतः दोनच: चौरस मीटरमागे रस्त्यावर किती बारीक माती आहे, आणि वाहनांचे सरासरी वजन किती. वजन दुप्पट तर धूळ जवळजवळ दुप्पट. माती दहापट कमी केली तर धूळ सुमारे आठपट कमी. चौरस मीटरला एक ग्रॅम बारीक माती आणि वाहनांचे सरासरी वजन दोन टन धरले, तर त्या सूत्राने वाहनामागे किलोमीटरला 0.3 ग्रॅम सूक्ष्म कण येतात. आपल्या उदाहरणात नळीतून आलेल्या कणांच्या सहापट! कडेच्या हवेत पावणेदोन ऐवजी आणखी दहा मायक्रोग्रॅमची भर.

हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो तो याकरिता. हवा बिघडली की पहिला दोष रिक्षावाल्यावर येतो. त्याची तपासणी, त्याला दंड, त्याचे जुने वाहन मोडीत. पण रस्ता खणून महिनोन्‌महिने मातीचे ढीग तसेच ठेवणारा, उघड्या मालमोटारीतून वाळू-मुरूम सांडत नेणारा, झाडलोट कागदावर दाखवणारा, यांचे नाव कोणत्याही पावतीवर येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी ही तऱ्हा होते. हाच रिक्षावाला दहा-दहा तास त्या धुळीत बसतो. खराटा घेऊन ती धूळ उठवणारी सफाई कामगार बाई तर तिच्या उगमस्थानीच उभी असते.

तथापि एकाच बाजूचे वकीलपत्र घेऊन मी येथे उभा नाही. वजनाने कमी म्हणून नळीतला धूर निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज सहा ही वाहनांची नवी मर्यादा आली आणि इंधनातील गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर आणले गेले, हे योग्यच झाले. दुसरीकडे, 2019 च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सोलापूरचे नाव पुन्हा आहे. पण त्यात शहरांची प्रगती मुख्यतः 10 मायक्रॉनच्या कणांवरून जोखली गेली. जाड धूळ बसवली की आकडा खाली येतो आणि सूक्ष्म कण तसेच राहू शकतात, अशी टीका त्यावर झाली, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. जाड किती, सूक्ष्म किती, नळीचे किती, रस्त्याचे किती, याचा निवाडा घोषणांनी होणार नाही. अमेरिकेचे सूत्रही आपल्या दुचाकींच्या गर्दीला आणि काळ्या मातीला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. ते येथे तपासले पाहिजे.

आपल्या राज्यात अंदाजाची ही विद्या अपरिचित नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सफर नावाची योजना 2010 साली दिल्लीत सुरू केली. 2013 साली पुण्यात व 2015 साली मुंबईत ती आली. उद्याची हवा कशी राहील हे ती आज सांगते. सोलापुरात हवेची मोजणी वालचंद तंत्रज्ञान संस्थेचे आवार व सात रस्ता अशा ठिकाणी होत आलेली आहे. परंतु मोजणी केंद्रावर होते आणि माणूस चौकात उभा राहतो. या दोहोंमधले अंतर भरून काढणे हेच वाहतुकीवरून अंदाज करण्याचे काम.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. चौकात उभे राहून वाहने मोजणे कोणाही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जमेल. रस्त्याचा एक चौरस मीटर आखावा, तेथील माती गोळा करावी, वाळवावी, 75 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी आणि तोलावी. बारीक मातीचा आकडा हाती येतो. वाऱ्याची नोंद वेधशाळेत असते. त्यावरून सात रस्ता, नवी पेठ, अक्कलकोट रस्ता अशा प्रत्येक ठिकाणचा अंदाज आधी जाहीर करावा, आणि मग लहान यंत्रे पदपथावर नेऊन तो पडताळावा. चुकला तर सुधारावा.

नवे रस्ते आणि नव्या वसाहती यांना तर याची अधिकच गरज आहे. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली. शेजारच्या रे नगरातील 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती आली. कामगाराला हक्काचे घर मिळाले, ही आपल्या शहराच्या इतिहासातील मोठी गोष्ट होय. पण एवढी माणसे रोज शहरात येणार-जाणार. ती बसने येतील की हजारो दुचाकींनी, रस्त्याच्या कडा पक्क्या असतील की मातीच्या, यावर त्या रस्त्याकाठच्या शाळांतील मुलांची हवा ठरणार आहे. हा हिशेब वाहने रस्त्यावर आल्यानंतर करण्यापेक्षा आधी केला तर स्वस्त पडतो.

गिरणीतल्या तुसाला आकडा मिळण्यास रामाझ्झिनींपासून पावणेतीनशे वर्षे लागली. रस्त्यावरच्या धुळीसाठी तितके थांबण्याचे कारण नाही. गणित तयार आहे, कायदे आहेत, यंत्रेही स्वस्त झाली आहेत. उणीव आहे ती विचारणाऱ्यांची. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर आपण दरवर्षी चर्चा करतो. यंदाच्या चर्चेत आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या प्रभागाच्या प्रतिनिधीला एक प्रश्न घालावा: आमच्या रस्त्यावर चौरस मीटरला माती किती आहे, ती कोणी तोलली, आणि तिचे उगमस्थान कोणते? या प्रश्नाला उत्तर म्हणून आकडा येईपर्यंत तो दरवर्षी विचारत राहावा, एवढीच माझी विनंती आहे.